हौसाबाईनं सोडलेली वांगी

"तुमचे पाय बरे झाले वाटतं?" बाईनं विचारलं तेव्हा उकंडराव तागडीत वांगी टाकत होता. त्याला वाटलं, ही दुसऱ्या कुणाला तरी विचारते आहे. त्यानं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती आणि भिंतीला टेकवलेली त्याचीच रिकामी पाटी. बाई कचेरीतल्या कुण्या कारकुनाची बायको असावी. ती त्याच्या गुडघ्यांकडे बघत होती, नुकतं चालायला लागलेल्या पोराकडे बघावं तशी. "तुळसाबाई सांगायच्या ना," ती म्हणाली, "बारा वर्षं अंथरुणाला आहेत म्हणून. तुम्ही त्यांचे मालक असं कुणी सांगितलं तेव्हा मला खरंच वाटेना." मग तुळसाबाई गेल्याचं ऐकून वाईट वाटलं, फार चांगली बाई होती, असं ती बोलली आणि तागडी पुरती उचलायच्या आधीच वांगी पिशवीत ओतून घेतली. वर टाकायला घेतलेलं एक वांगं उकंडरावच्या हातातच राहिलं. "राहू द्या," बाई म्हणाली. "तुळसाबाईंशी मी कधी घासाघीस केली नाही. त्यांच्या घरचं ऐकल्यावर करवतच नसे." जाताना तिनं पुन्हा एकदा मागं वळून त्याच्या पायांकडे पाहिलं.

उकंडरावनं आयुष्यात कधी खाट धरली नव्हती. वाशीमच्या बाहेर, नाल्याच्या काठाला त्याचा दीड एकराचा मळा होता. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तिथं मोट हाकत होता. मोटेच्या धावेवर बैलांबरोबर दिवसातून शंभर वेळा वर जायचं आणि शंभर वेळा खाली यायचं. त्याच्या पोटऱ्या बाभळीच्या खोडासारख्या झाल्या होत्या. देवी आल्या नाहीत, नारू झाला नाही, मुरगळलासुद्धा नाही पाय. पिकवायचं त्यानं आणि विकायचं तुळसाबाईनं, हे लग्न झाल्यापासून ठरल्यासारखं होतं. कुणी ठरवलं ते त्याला आठवत नव्हतं. तिला जाऊन दीड महिना झाला होता. तिची जागा बाजारात रिकामी राहिली तर दुसरा कुणी बसेल म्हणून तेराव्यानंतर तो पाटी घेऊन आला आणि बसला. त्याला विकता येत नव्हतं. गिऱ्हाईक वांगं उचलायचं, आणि त्या वांग्याला भोक दिसलं की हा सांगायचा, ते किडकं आहे, ठेवा. मग गिऱ्हाईक बाकीच्या वांग्यांकडेही संशयानं बघायचं आणि पुढं जायचं. त्याला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आपण खोटं बोलत नाही, एवढी एक गोष्ट त्याच्यापाशी पक्की होती. दुसरं फारसं काही पक्कं नव्हतं.

शेजारी धनीबाई बसायची. हिरव्या मिरच्या आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, विकायची. तुळसाबाईच्या मांडीला मांडी लावून ती अठरा वर्षं बसली होती.

"धनीबाई," तो म्हणाला, "ते बाई काय बोलून गेली?"

"काय बोलली?"

"माह्या पायाचं."

धनीबाईनं सांबारावर पाणी शिंपडलं. "तुमाले मालूम नाई?"

"काय?"

"घ्या. अर्ध्या वाशीमले मालूम हाय, अन् ज्याचे पाय त्याले नाई. भाऊजी, तुमी लुळे हा." ती हसली आणि मग त्याचं तोंड पाहून हसू आवरलं. "तुळसा सांगे."

"काहून सांगे?"

"काहून म्हणजे? मी नाई सांगत, माह्या दिराले फेफरं येते म्हणून? मले दीरच नाई." तिनं पदरानं हात पुसले. "तुमी कायले मनाले लावून घेता? बाजारात कोणी खोटं नाई बोलत, भाऊजी. बाजारात नुसतं बोलतात. गिऱ्हाईक उभं राह्यलं पायजे. तुमच्यावाणी किडकं वांगं दाखवून राह्यते काय उभं?"

उकंडराव मांडी घालून बसला होता आणि त्याला एकदम वाटलं, आपल्याला मांडी बदलता येणार नाही. समोरून जाणारी माणसं आपले पाय बघून चालली आहेत. ज्यांनी इतके दिवस आपल्याकडून भाजी घेतली, तेही बघत असतील आणि आपल्याला कळलं नसेल. त्यानं धोतर घोट्यापर्यंत ओढलं. जरा वेळानं पायांना खरंच मुंग्या आल्या. उन्हं डोक्यावर आली, बाजार उठायला लागला, तेव्हा तो भिंतीला धरून उभा राहिला. धनीबाई म्हणाली, "हळू, नाईतं लोकं म्हणतीन तुळसा खरंच बोले." ती गंमत करत होती. त्याला राग आला नाही. राग यायला पाहिजे होता असं मात्र त्याला वाटलं.

घरी जाताना तो जपून चालला. चालणं ही इतकी विचार करायची गोष्ट आहे हे त्याला माहीत नव्हतं. एक पाय टाकला की दुसरा आपोआप येतो, पण आता तो दुसऱ्याची वाट बघत होता. त्याला तुळसाबाईचं एक वाक्य आठवत होतं. "तुमी कायले येता बाजारात उन्हातान्हाचे? मी हाओ ना." कितीदा तरी ती हे म्हणाली होती. एकदा त्याला आठवडी बाजारात बैलासाठी कासरा बघायचा होता, तेव्हाही म्हणाली आणि स्वतःच कासरा घेऊन आली. त्या वाक्यात माया आहे असं तो धरून चालला होता. लग्नानंतर त्याला बोलून दाखवलेली माया अशी फार नव्हती, म्हणून हे वाक्य त्यानं नीट जपलं होतं. ती गेल्यावर रिकाम्या घरात भाकर थापताना ते त्याला आपोआप ऐकू यायचं. आता तेच वाक्य त्यानं उलटं करून पाहिलं. तो बाजारात आला असता, चार माणसांनी त्याला चालताना पाहिलं असतं, तर तिचं बोलणं उघडं पडलं असतं. म्हणून ती म्हणायची, उन्हातान्हाचे कायले येता. दोन्ही बाजूंनी वाक्य सारखंच बसत होतं. ती असती तर तिला विचारलं असतं. पण ती असती तर हे कळलंच नसतं, हेही त्याच्या ध्यानात आलं. बैलांना वैरण टाकून तो दाराशी बसला आणि दिवस मावळेपर्यंत आपल्या पायांकडे बघत राहिला. हे पाय कोणाला विकायला काढले होते हिनं, असं त्याच्या मनात आलं, आणि मग असा विचार केल्याची त्याला लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई आली. ती कोर्टाच्या मागं खानावळ चालवायची. तारखेला आलेली खेड्यावरची माणसं तिच्याकडे जेवायची. बुटकी, रुंद हाडाची, पांढऱ्या कपाळाची बाई. रोज एक अख्खी पाटी वांगी तिच्याकडे जायची. पण तुळसाबाई गेल्यापासून तिचा गडी येऊन घेऊन जायचा, तेव्हा उकंडरावनं तिला आजवर पाहिलं नव्हतं. ती येऊन समोर उभी राहिली. वांग्यांकडे तिनं बघितलंच नाही.

"मी हौसाबाई. खानावळवाली," ती म्हणाली. "काल कारकुनीणबाईनं सांगतलं मले. उभे राहा बरं, भाऊ."

तो उभा राहिला. का राहिला ते त्याला कळलं नाही.

"चाला."

भर बाजारात तो चार पावलं धनीबाईच्या मिरच्यांपर्यंत गेला आणि परत आला. हौसाबाई त्याच्या टाचा जमिनीला टेकतात ते बघत होती. मग ती तिथंच मातीत बसली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती.

"माह्या मालकाचे पाय गेले व्हते," ती सांगू लागली. "तीन वर्सं पडून व्हता. हगणंमुतणं सारं जागेवर. गेला तवा मी वट्ट्यावर बसली व्हती. रडत बी नव्हती, नुसती बसली व्हती. लोकं येत अन् म्हणत, सुटला बिचारा. मले त्याचा राग ये. तुळसा पाटी घेऊन आली. तिनं पाटी उतरवली, माह्याजवळ बसली अन् म्हणे, बाई, माह्या घरी बी असंच हाय. बस, एवढंच म्हणे. मले इतकं बरं वाटलं भाऊ, का मी तिच्या गळ्यात पडली."

उकंडरावचे हात वांग्यांवर होते. देठाचे काटे बोटांना टोचत होते आणि तो ते काढत नव्हता.

"माह्या मालकासाठी मी काही सोडलं नव्हतं," हौसाबाई म्हणाली. "मंगरूळले पिराच्या उरसाले गेली तवा तिथं नवस बोलली. म्हणलं, माह्या घरचा तं गेला, तुळसाचा उठू दे. तुळसाचा मालक आपल्या पायानं चालत माह्या दारात येईन, तवाच वांगं खाईन. तिचं वांगंच व्हतं ना माह्या घरात, म्हणून वांगं सोडलं. अकरा वर्सं झाली."

"अन् रांधता?" धनीबाईनं मधेच विचारलं.

"रोज रांधतो. चाखत नाई. मीठ गडी पाह्यते. लोकं म्हणतात, हौसाबाईचं भरलं वांगं खाल्ल्याबिगर तारीख पडल्यासारखी वाटत नाई. कसं लागते ते मलेच मालूम नाई." ती जरा हसली. मग म्हणाली, "दुपारी या, भाऊ. कोर्टाची जेवणं झाली का या. चालत या. तुमच्या हातून पयला घास घेईन."

"तिले," उकंडराव म्हणाला, "आमच्या घरचीले सांगतलं व्हतं तुमी? वांगं सोडल्याचं?"

"सांगतलं ना. उरसावरून आली त्याच दिवशी सांगतलं. काही बोलली नाई. मंग चार दिवस भाजी घेऊन आलीच नाई. मले वाटलं, तुमचं जास्त झालं."

हौसाबाई उठून गेल्यावर धनीबाई त्याच्याकडे बघत होती. ते चार दिवस त्याला आठवले. इतक्या वर्षांत तुळसाबाई घरी राहिली असे दिवस थोडे होते, म्हणून आठवले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. काय झालं, असं त्यानं दारातून विचारलं होतं. ताप आहे, ती म्हणाली. तो मोटेवर निघून गेला. दुपारी तो आला तेव्हा ती तशीच पडली होती. त्यानं आपली भाकर आपण घेतली. ताप आहे म्हणाली म्हणून ताप आहे असं त्यानं धरलं. हात लावून पाहिला असता तर तिथल्या तिथं कळलं असतं की अंग गार आहे. चार दिवसांत त्यानं एकदाही हात लावला नव्हता. पाचव्या दिवशी ती उठली आणि पाटी भरायला लागली. त्या दिवशी पाटी फार भरली म्हणून तो तिच्यावर ओरडला होता, एवढंही आठवलं. आणि पुढं तिनं वांगं खाल्लं का? घरी वांग्याची भाजी तर व्हायची. तिच्या ताटात काय असायचं? तो आधी जेवायचा. ती मागून जेवायची, चुलीकडे तोंड करून. तिच्या ताटात काय आहे हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि आता कितीही डोळे मिटून बघितलं तरी त्याला फक्त तिची पाठ दिसत होती.

दुपारपर्यंत त्यानं वाक्य तयार केलं. बाई, माह्ये पाय कधी गेलेच नव्हते. एवढंच. जास्त बोलायचं नाही. ती का बोलली, कशासाठी बोलली, तिच्या मनात पाप होतं की नव्हतं, हे आपल्याला माहीत नाही, ते सांगायचंही नाही. एका बाईनं अकरा वर्षं आपल्या निरोगी पायांसाठी जीभ मारली, तिला निदान खरं कळलं पाहिजे. तुळसाबाईचं नाव खराब होईल. होऊ दे. ती गेली, तिला आता काय. पण हे 'तिला आता काय' मनात आल्याबरोबर तो माणसं मोजायला लागला. गावात आज तिचं नाव घेणारी माणसं किती होती? लेक मानोऱ्याकडे दिली, ती आपल्या घरी. बाकी मग ही कारकुनीणबाई, ही धनीबाई, ही हौसाबाई. फार चांगली बाई होती, असं यांनीच म्हटलं होतं. मळ्यात तिची आठवण काढायला तो एकटा होता, आणि त्याच्यापाशी एक कासरा, एक पाठ आणि एक वाक्य, एवढंच होतं. वाक्यही आता त्याचं राहिलं नव्हतं. तरी कोर्टाच्या रस्त्यानं जाताना तो वाक्य घोकत होता. बाई, माह्ये पाय. बाई, माह्ये पाय कधी. बाजारात ओरडायला लाजणारा माणूस तोंडातल्या तोंडात ओरडणं शिकत होता. लिंबाखाली तारखेची माणसं पडली होती. एक वकील छत्री घेऊन घरी चालला होता. कुणाला काही माहीत नव्हतं.

खानावळीच्या वट्ट्यावर हौसाबाई उभीच होती. तो कोपऱ्यावरून वळला तेव्हापासून ती बघत असावी. आत सारवलेल्या जमिनीवर दोन पाट मांडले होते. उष्टी ताटं उचलून झाली होती, गडी मागं भांडी घासत होता. तिनं एकच ताट वाढलं आणि ते दोघांच्या मधे ठेवलं. ज्वारीची भाकर आणि दोन भरली वांगी, तेल सुटलेली. त्याच्या मळ्यातली. हौसाबाई हात धुऊन समोर बसली. लहान मुलगी शाळेत पहिल्या दिवशी बसते तशी ती बसली होती, आणि तिचे केस सगळे पांढरे होते. ती वांग्याकडे बघत होती आणि तिच्या गळ्याची शीर हालत होती. अकरा वर्षं रोज आपल्याच चुलीवर शिजणारा वास घेऊन झाल्यावर तिला भूक लागली होती.

उकंडरावनं वाक्य तोंडात आणलं. आणि तेव्हा त्याला दिसलं की हे वाक्य बोललं तर हे ताट उठेल. माणूस बरा झाला तर खायचं, असं ती बोलली होती. जो आजारीच नव्हता तो बरा कुठून होणार? मग तिनं हे कधी खायचं? तिला त्यातून कोण सोडवणार? पीर सोडवणार नाही, तुळसा सोडवणार नाही. ही बाई मरेपर्यंत वांगी रांधत राहील आणि मीठ गडी बघेल.

"सांगा ना, भाऊ," हौसाबाई म्हणाली. "घासाच्या पयले सांगा. कोणता पाय पयले हालला?"

मागं गडी तांब्याचं भांडं राखेनं घासत होता. तो आवाज थांबेपर्यंत उकंडराव थांबला.

"डावा," तो म्हणाला.

त्याचा आवाज त्याला ओळखू आला नाही. पण जीभ झडली नाही. हौसाबाई पुढं वाकली. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, वांग्याला लावला आणि तिच्या हातावर ठेवला. तिनं तो तोंडात घातला आणि डोळे मिटून घेतले. बराच वेळ ती चावत होती.

"मीठ बराबर हाय," ती शेवटी म्हणाली. मग दुसरा घास तिनं स्वतः घेतला. "मंग?"

"मंग अंगठा हालला," उकंडराव म्हणाला. "ते रोज तेल लावे ना. करडईचं. वाटीत गरम करून आणे."

"कवा लावे?"

"बाजारातून आली का. पाटी उतरवली का आधी माह्यापाशी बसे. मी म्हणे, भाकर टाक आधी, भूक लागली. ते म्हणे, भाकर कुठी पळून चालली. तळपायापासून वर गुडघ्यापर्यंत चोळे." तो थांबला. हे त्यानं कुठं पाहिलं होतं? कुठंच पाहिलं नव्हतं. तरी तेलाची वाटी त्याला दिसत होती. तिची एक बाजू चेपलेली होती.

"अन् काय बोले?"

"बाजारातलं सांगे. कोण आलं, कोण काय म्हणलं. रोज सांगे. मले पडल्या पडल्या साऱ्या वाशीमचं मालूम व्हय."

"माह्यं सांगे?"

"तुमचं सांगे." त्यानं तिच्याकडे पाहिलं. "म्हणे, हौसाबाईच्या वट्ट्यावर पाटी उतरवली का उठावंच वाटत नाई."

हौसाबाईनं मान खाली घातली आणि ताटातलं तेल भाकरीनं पुसून घेतलं. पहिलं वांगं संपलं होतं. तिनं दुसरं फोडलं. बाहेर वट्ट्यावर उशिरा आलेली दोन माणसं जेवण आहे का विचारत होती. गडी त्यांना थांबा म्हणाला. उकंडराव थांबला नाही. तो पावसाळ्याचं सांगत होता, घर गळायचं तेव्हा ती त्याची खाट कशी ओढायची ते. सणाला ती त्याला भिंतीला टेकवून कशी बसवायची आणि दोघं एका वेळी, समोरासमोर कशी जेवायची ते. हौसाबाई जेवून हात धुऊन आली आणि पुन्हा समोर बसली, तरी तो सांगत होता. कुणी त्याला विचारत नव्हतं.

"अन् मंग एका दिवशी म्हणे, उठून पाहा," तो म्हणाला. "मी म्हणलं, पडीन. ते म्हणे, मले धरा. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, बाई. इतका बारीक खांदा व्हता तिचा. मले मालूमच नव्हतं."